ओटीपी कुणाच्या नंबरवर?

"ऐकलं का वहिनी? तिनं नवऱ्याला फोन लावला म्हणं!"

शेजारच्या मामींनी ही बातमी भिंतीवर कोपर टेकून, आवाज खाली घेऊन दिली. बायकोनं नवऱ्याला फोन लावला यात बातमी काय, असं परक्याला वाटेल. पण 'ती' म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली, बऱ्याच वर्षांपासून माहेरी राहिलेली. नवरा तिकडं जालन्याकडं. भांडण मिटलं नाही, फारकत झाली नाही, बोलणं तर नाहीच. दोन्हीकडच्या थोरल्या माणसांनी बैठका घेतल्या, चहा प्यायला आणि उठले. त्यांना जे जमलं नाही ते 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीनं जमवलं. महिन्याचे १,५०० रुपये चालू राहायचे असतील तर स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी करा, असं सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये काढलं. हिचे वडील वारलेले. उरला नवरा. त्याच्या मोबाईलवर सहा आकडे येणार, ते त्यानं सांगायचे आणि हिनं टाकायचे.

"मग सांगितले का त्यानं?"

"सांगितले की. पण आकडे सांगायच्या आधी इचारलं म्हणं, जेवलीस का?"

एवढ्यावरून मामींना पुढचं सगळं दिसायला लागलं. नांदायला जाणं, ओटी भरणं, बारसं, सगळं त्यांनी भिंतीवर उभ्याउभ्या उरकून घेतलं. मला मात्र दुसरंच दिसत होतं. योजना हिची, खातं हिचं, पैसे हिचे. आणि आकडे त्याच्या खिशात. तेव्हापासून मला एक खोडच लागली आहे. कुणी मोबाईलचं कौतुक सांगायला लागलं की मी विचारते, ते सगळं ठीक, पण नंबर कुणाचा?

आमची वसाहत परभणीत कारेगाव रोडला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही इतक्या वर्षांपासून म्हणत आलोय की आता जर्मनीलाही ते पटलं असेल. मोबाईलच्या बाबतीत मात्र आम्ही खरोखरच कुणाच्या मागे नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटा बंद झाल्या. हातात फुकटचं इंटरनेट आलं आणि हातातली नोट गेली, ते जेमतेम दोन महिन्यांच्या अंतरानं. बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा कुणीही काहीही शिकवलं असतं. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघालेलं होतं. आमच्याकडं ते शिकवलं ते भाचे, पुतणे आणि रिचार्जच्या दुकानातल्या पोरांनी. त्यांनीच ॲप टाकून दिले, त्यांनीच पिन ठरवले, आणि कितीतरी ठिकाणी नंबरही त्यांचेच पडले.

शनिवार बाजारात आमची एक ठरलेली भाजीवाली आहे. मेथी, चुका, शेपू, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा. पूर्वी तिच्या कमरेला चंची असायची. भाजी देताना ती एका हातानं जुडी बांधायची आणि दुसऱ्या हातानं चंचीतून सुटे काढायची, न बघता. आता तिच्या पाटीला क्यूआरचा पुठ्ठा बांधलेला आहे आणि शेजारी ती बोलणारी पेटी. पैसे पाठवले की पेटी ओरडते. काही दुकानांत तर ती साक्षात अमिताभ बच्चनच्या आवाजात ओरडते, आणि वीस रुपयांच्या कोथिंबिरीला एवढा भारदस्त आवाज ऐकून पहिल्यांदा मी मागं वळून पाहिलं होतं.

एका शनिवारी मी तिला सहज म्हटलं, "बरं झालं मावशी, सुट्ट्याची कटकट गेली."

ती म्हणाली, "कटकट गेली माय, सुटेबी गेले. आवाज माझ्या पेटीतून येतो आन् पैसा पोराच्या खात्यात जातो."

मी थांबलेच. तिनं मग शेपूच्या जुड्या लावता लावता सगळं सांगितलं. पुठ्ठा पोराच्या नावाचा, कारण खातं आधारला जोडलेलं त्याचं, मोठा मोबाईल त्याचा, नंबर त्याचा. पोरगं वाईट नाही. रात्री हिशेब करतं, पहाटे बीटात माल घ्यायला पैसे देतं. पण संध्याकाळी घरी जाताना नातवाला पाच रुपयांचा खाऊ घ्यायचा तर हिला पोराला फोन करावा लागतो. दिवसभर हिनं विकलं, दिवसभर पेटीनं जमा झाले, जमा झाले म्हणून सगळ्या बाजाराला सांगितलं आणि हिच्या कमरेला काही नाही. चंचीतले पैसे तिनं कुणाला न विचारता खर्च केले होते, कुणाला न सांगता साठवलेही होते. लेकीच्या बाळंतपणाला त्यातूनच काढून दिले होते म्हणे. आता कुठला पैसा कधी आला, कधी गेला, हे सगळं पोराच्या मोबाईलमध्ये तारखेवार लिहिलेलं. डिजिटल व्यवहाराचं कौतुक करणारे याला पारदर्शकता म्हणतात. बाईनं संसारात स्वतःपुरतं चार पैशांचं अपारदर्शक काही ठेवावं, याची सोय कुठल्या ॲपमध्ये आहे ते मला कुणीतरी सांगा.

मामींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. कारण त्यांच्या घरात दिवाळीपासून हेच चाललं होतं, फक्त शेपूऐवजी कापूस होता.

मामींचं सासर सेलू तालुक्यात. मामा अजून शेती बघतात. सकाळच्या गाडीनं जातात, नाहीतर दोन दिवस तिकडंच राहतात. मुलगा पुण्याकडं, चाकणला, एका मोठ्या कारखान्यात. २०२५-२६ च्या हंगामात कापसाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होता, आणि व्यापारी मागणार त्याच्या खाली. म्हणजे सीसीआयला, भारतीय कापूस महामंडळाला, घालणं भाग. पण त्या हंगामापासून सीसीआयला कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायची, मग तारखेचा स्लॉट घ्यायचा, मग गाडी भरायची. वाईट नाही ही पद्धत. जिनिंगच्या दारात दोन-दोन दिवस ट्रॅक्टरची रांग, गाडीखाली झोपलेली माणसं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना स्लॉटचं महत्त्व कळेल. पैसेही सरळ खात्यात येतात, मध्ये कुणाचा हात नाही.

अडचण एवढीच की मामांचा सगळा कागदोपत्री कारभार मुलाच्या नंबरवर. पूर्वी मामांकडं बटणाचा फोन होता आणि रिचार्जच्या सवलती बघून ते सिम बदलायचे. म्हणून आधारला, बँकेला, सगळीकडं मुलाचा नंबर दिला. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. आता ओटीपी जातो चाकणला. आणि चाकणच्या त्या कारखान्यात मोबाईल गेटवर जमा करून आत जावं लागतं.

"तुम्ही इचार करा वहिनी," मामी सांगत होत्या, "मामा हितं ॲप उघडून बसलेत, चष्मा लावून. तिकडं मोबाईल कपाटात वाजायलाय. पोरगं आत मशीनपाशी. ओटीपी आला आन् मेला, आला आन् मेला. आमच्या कापसाचं मरण त्या कपाटात!"

शेवटी चहाच्या सुट्टीत बोलायचं ठरलं. ती सुट्टी दहा मिनिटांची. त्यात लघवी, चहा, गेटपर्यंत पळत जाणं आणि बापाला सहा आकडे वाचून दाखवणं. एकदा आकडे पोचले तर इकडं रेंज गेली. एकदा रेंज होती तर पाहिजे त्या दिवसाचे स्लॉट भरलेले. मुलाची रात्रपाळी लागली तेव्हा कुठं सकाळी निवांत बसून दोघांनी ते काम केलं. त्या आठवड्यात पोराची झोप झाली नाही आणि बापाचा बीपी वाढला, पण स्लॉट मिळाला.

यात गंमत अशी की ॲपनं तारीख दिली तरी कापसाला ते माहीत नसतं. आर्द्रता आठ टक्क्यांच्या आत तर पूर्ण भाव, बाराच्या वर गेली तर घेत नाहीत. सप्टेंबरातला मुसळधार पाऊस, गोदावरी-दुधनेचं पाणी वावरात शिरलेलं, नंतरच्या वेचणीचा माल ओलसरच. म्हणून मामांनी स्लॉटच्या आधी सगळा कापूस अंगणात पसरला, आणि मामी गावाकडं जाऊन चार दिवस राखणीला बसल्या. हे काम कुठल्याही नंबरवर झालं नसतं.

मामांना मी विचारलं, पहिलं बरं होतं की आताचं? त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "अडत्या लुटायचा, पण तोंड वळखून लुटायचा. लेकीचं लगीन हाय म्हणलं की उचल द्यायचा. आता लुटत न्हाई कुणी, पण उचल कुणाला मागावं? ॲपला?"

मी त्यांच्याशी पुरती सहमत नाही. अडत्याच्या त्या उचलीपायी किती वावरं गेली ते मामांच्याच भावकीत मोजून दाखवता येईल. तोंड ओळखून लुटण्यापेक्षा तोंड न ओळखता पुरता भाव देणारा बरा. पण सेलू-मानवतच्या मोंढ्यात जो माणूस आपल्या नावानं आणि बापाच्या नावानं ओळखला जायचा, तो आज मुलाच्या नंबरानं ओळखला जातो, हे त्याला बोचत असेल तर मी त्याला हसणार नाही.

मामांचा स्वतःचा मोठा मोबाईल आता आहे. त्यावर ते दोनच गोष्टी बघतात, एक कुस्त्या आणि दुसरं पंजाबराव डख. डखांचा विषय निघाला की या घरातल्या सगळ्यांच्या माना ताठ होतात, कारण डख त्यांच्याच तालुक्यातले, गुगळी धामणगावचे. सेलूच्या एका शेतकऱ्यानं पावसाचा अंदाज व्हॉट्सॲपवर आणि यूट्यूबवर सांगायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळा महाराष्ट्र त्यांचे व्हिडिओ एकमेकांना पाठवायला लागला. मोबाईलमुळं माल कसा खपतो याचा अभ्यास करणाऱ्यांनी पुण्यामुंबईच्या कंपन्या सोडून आधी गुगळी धामणगावला यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण याच परभणीत कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. तिथं हवामानाचा विभाग आहे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी हवामानाचा सल्ला निघतो. आमची आकाशवाणी आहे; तिच्यावर विद्यापीठाचे शास्त्रज्ञ बोलायला लागले की माझे सासरे जेवणाचं ताट बाजूला सारून ऐकायचे. उपग्रह यांच्याकडं, नोंदी यांच्याकडं, विद्या यांच्याकडं. आणि माणसं ऐकतात डखांचं. का? सल्ला म्हणतो, 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.' वाक्यात खोट नाही. पण तुरळक ठिकाण म्हणजे मामांचं वावर की त्यांच्या भावकीचं, हे त्यात नाही. डख तारखा सांगतात. काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा म्हणतात. शेतकऱ्याच्या बोलीत, शेतकऱ्याच्या कपड्यांत, शेतकऱ्याला नाव घेऊन हाक मारल्यासारखं बोलतात.

हवामानशास्त्राचे जाणकार यावर टीका करतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. इतक्या आधी, इतक्या नेमक्या तारखा सांगण्याला शास्त्राचा आधार काय, हा प्रश्न रास्तच आहे. मी तो मामांना विचारून पाहिला. मामांचं गणित पक्कं आहे. पाऊस आला तर डखांनी सांगितलंच होतं, नाही आला तर वाऱ्यानं दिशा बदलली. अशा गिऱ्हाइकाला कोण तोडणार?

"आन् तरी निवडून आले न्हाईत," मामींनी आतून आवाज दिला.

हेही खरं. २०२४ च्या लोकसभेला डख परभणीतून वंचित बहुजन आघाडीच्या वतीनं उभे राहिले. जिंकले संजय जाधव, दुसरे महादेव जानकर, डख तिसरे. ज्यांच्या शब्दावर माणसं तिफण जुंपतात त्यांच्या शब्दावर ती बटण दाबत नाहीत. माणूस मोबाईलवर काय बघतो आणि मत कुणाला देतो यात मोठं अंतर आहे, हे पक्षांच्या प्रचारकांना अजून उमगलेलं दिसत नाही. महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होतं, आणि त्याआधी आमचे फोन दिवसभर तापलेले. फोन उचलला की उमेदवार स्वतः बोलायचा, 'नमस्कार माताभगिनींनो.' रेकॉर्ड असायचं ते. मामींना माहीत होतं की रेकॉर्ड आहे, तरी त्या उत्तर द्यायच्या. "अवो दादा, हळू बोला, मामा झोपलेत." उमेदवारांच्या रील निघाल्या, पाठीमागं ढोल, पुढं सावकाश चालत येणारा उमेदवार, हात जोडलेले, केस उडताहेत. हेअर कटिंगवाल्याचीही तशीच रील, पाणीपुरीवाल्याचीही तशीच. रील करून देणारा पोरगा एकच असणार, ढोलही तोच.

डखांवरून आठवलं, दामिनी ॲपवर मात्र मामांचा विश्वास पुरता बसलाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं हे ॲप वीज आपल्यापासून वीस-चाळीस किलोमीटरच्या आत पडायला लागली की सांगतं. मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजेनं माणसं आणि बैल दरवर्षी जातात. मोबाईल बोंबलला की मामा बांधावरचं झाड सोडून सरळ गोठ्याकडं. इथं 'तुरळक ठिकाणी' असं काही नाही, आपण उभे आहोत तिथलंच ते सांगतं. डखांचं आणि दामिनीचं मर्म एकच आहे आणि ते शास्त्र-अशास्त्राच्या पलीकडचं आहे. 'तुझ्या वावरात काय होणार' हे जो सांगेल त्याचं ऐकलं जातं. विद्यापीठातल्या मंडळींनी हे मनावर घेतलं तर डखांना घरी बसावं लागेल, पण मंडळी मनावर घेतील असं वाटत नाही.

मोबाईलवर मामांचा विषय हवामान, तर लग्नाच्या पत्रिका हा मामींचा राखीव विषय. तुळशीचं लग्न झालं की सुरू होतो तो सगळ्या तिथी संपेपर्यंत. पूर्वी पत्रिकेबरोबर अक्षता यायच्या, माणूस घरी यायचा, पाणी घ्यायचा, 'सगळ्यांनी यायचं बरं का' म्हणायचा. आता व्हॉट्सॲपवर गणपती येतो, त्याच्यामागून नवरानवरी एकमेकांकडं बघत फिरतात. मामींच्या एका चुलत दिरानं असं आमंत्रण पाठवलं. मामींनी त्याला तिथंच बोलून उत्तर पाठवलं, "मोबाईलवर बोलावलं, आता जेवायलाबी मोबाईलवरच घाला." ते उत्तर आमच्या कॉलनीभर फिरलं, मामींचा हा संदेश पत्रिकेपेक्षा जास्त लोकांनी ऐकला.

पण आता त्या रुसव्याला सरकारी आधार मिळालाय. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरवरून लग्नाचं आमंत्रण आलं. पत्रिका म्हणून जी फाइल उघडली ती पत्रिका नव्हतीच, एपीके म्हणजे ॲपच होतं. त्यानं मोबाईलचा ताबा घेतला आणि खात्यातून जवळजवळ एक लाख नव्वद हजार गेले. हिंगोली म्हणजे आम्हाला परकी नव्हे, १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. पाहुणेरावळे सगळे तिकडं. पेपरात बातमी वाचल्यापासून मामी म्हणतात, अक्षता घेऊन घरी आला तरच पाहुणा, बाकी सगळे चोर. फसलात तर लगेच १९३० नंबरला फोन लावायचा असतो, हे मी त्यांना तेवढ्यातच सांगून घेतलं. त्यांनी विचारलं, "तो नंबर तरी खरा हाय का?"

खरेदीचं काय सांगावं. समोरची सून साड्या विकते. दुकान नाही, माल नाही; बेंगळुरूच्या मीशोसारख्या कंपन्यांनी २०१५ नंतर बायकांना हाच धंदा शिकवला. ॲपवरची साडी स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसला लावायची, मागणी आली की वर चार पैसे ठेवून मागवायची. तिच्या स्टेटसला मोरपंखी होती ती साडी मामींच्या दारात आली तेव्हा शेवाळी होती. कुठल्या ॲपवरून आली ते ती सांगत नाही. पण साडी परत घेतली तिनं, निमूट, कारण गल्ली एकच. ॲपवाला परत घेवो न घेवो, समोरच्या दारात रोज तोंड दाखवायचं आहे. मला विचाराल तर या धंद्यात विकली जाते ती हीच हमी, साडी ॲपवरून मागवलेली असते एवढंच.

किराणावाल्याचंही तेच. पुण्यात दहा मिनिटांत किराणा येतो म्हणे. आमचा किराणावाला यादी व्हॉट्सॲपवर घेतो, पोराला सायकलवर पाठवतो आणि महिनाअखेरीला उधारीचा आकडा क्यूआरसकट पाठवतो. रात्री दहाला पाहुणे आले आणि साखर संपली तर दुकानाच्या मागच्या दारावर थाप मारली की तो बनियनवर उठून देतो. हुरड्याला मात्र तिकीट लागलं, हे मामींना काही केल्या पचत नाही. शहराच्या आसपासच्या शेतांत हुरडा पार्ट्या निघाल्यात, जाहिरात इन्स्टाग्रामवर, बुकिंग फोनवर, गूळभेंडीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वर उंट की घोडा काहीतरी. "आमच्या वावरात लोक येऊन फुकट खाऊन जायचे आन् वर जाताना पिशवीत घेऊन जायचे," मामी म्हणाल्या. मग जरा थांबून, "किती घेतात म्हणाल्या माणशी?"

तिथंच मला अंदाज यायला पाहिजे होता. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं आणि त्याची सुरुवात त्या शेपूवालीपासून झाली होती.

दुसऱ्याच आठवड्यात मामी आधार केंद्रात गेल्या. एकट्या नाही, शेपूवालीला घेऊन. नंबर बदलायचे पंचाहत्तर रुपये आणि अख्खी सकाळ. मामींनी नवीन सिम घेतलं होतं, स्वतःच्या नावाचं, आणि आधारला तो नंबर जोडला. बँकेतही तोच दिला. शेपूवालीचं काम अर्ध्यात अडकलं, तिचे अंगठे मशीनला उमटेनात. मातीत काम करून रेघा झिजलेल्या. तिला डोळ्याच्या मशीनसाठी पुन्हा बोलावलंय, आणि मामी तिच्याबरोबर पुन्हा जाणार आहेत. मामींच्या पोराला हे कळलं तेव्हा त्याचा चाकणहून फोन आला. मी भिंतीशीच होते, त्यामुळं अर्धं बोलणं मला ऐकू आलं आणि उरलेलं मामींनी नंतर ऐकवलं.

"आई, कशाला उगं ताप करून घ्यायलीस? मी हाय ना."

"तू हाईस रे बाबा. पण तू गेटच्या आत हाईस."

पोरगं गप्प बसलं म्हणे. मग हसलं. मग त्यानंच फोनवरून एकेक करत पिन कसा ठरवायचा, कुणाला सांगायचा नाही, पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे सगळं शिकवलं. पिन काय ठेवला हे त्यानं विचारलं तेव्हा मामी म्हणाल्या, "तूच सांगितलं ना, कुणाला सांगू नको."

आता मामींच्या स्टेटसला रोज सकाळी चटणी असते. जवसाची, कारळाची, तिळाची, लसूण घालून आणि बिनलसणाची. फोटो जरा हललेला असतो, पण खाली भाव नीट लिहिलेला. माझ्या पुण्याच्या नणंदेनं ते स्टेटस माझ्या आधी पाहिलं आणि दोन किलोची ऑर्डर दिली, तीही मला न विचारता. मामांनी आपल्या कुस्त्यांच्या ग्रुपवर टाकून दिलं. समोरच्या सुनेनं मामींना सांगितलं की रील करा, ढोलवाला पोरगा माझ्या ओळखीचा आहे. त्यावर विचार चालू आहे. एका उमेदवाराच्या माणसानं हळदीकुंकवाला वाण म्हणून शंभर पुड्या द्याल का असं विचारलं. मामींनी आधी पैसे पाठवा म्हणून सांगितलं, पुन्हा फोन आला नाही.

काल दुपारी माझा मोबाईल वाजला. मामींचा संदेश. वर गणपती, खाली क्यूआर आणि त्याच्याखाली: 'वहिनी, जवसाची अर्धा किलो, कारळाची पाव किलो. दिवाळीपासून राहिलंय.'

मी तो वाचेपर्यंत भिंतीपलीकडून आवाज आला, "आलं का? टाकायलाव ना? मोबाईल हातात धरूनच बसलेय मी."